मेथॅम्फेटामिनचे शिखर दिसते, पण अ‍ॅम्फेटामिनचा मागमूस नाही: नमुना पॉझिटिव्ह धरावा का?

उंबरठा

नमस्कार. माझी याआधीची सगळी वर्षे गोळ्या-औषधांच्या शुद्धतेच्या तपासणीत गेली. तिथे समोर काय आहे हे ठाऊकच असते, फक्त किती आहे ते मोजायचे असते. काही महिन्यांपासून मी विषशास्त्राच्या एका प्रयोगशाळेत लघवीतील उत्तेजक द्रव्ये एलसी-एमएस/एमएसवर, म्हणजे द्रव्ये आधी वेगळी करून मग फोडून त्यांच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर, तपासण्याचे काम करतो आहे, आणि इथे प्रश्न नेमका उलटा असतो हे एका नमुन्याने मला चांगलेच जाणवून दिले. नमुना कोणाचा हे मला माहीत नाही, आणि माहीत असते तरी इथे लिहिले नसते. फक्त आकडे देतो.

प्राथमिक इम्युनोअ‍ॅसेमध्ये (प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीत) अ‍ॅम्फेटामिन गटासाठी ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या कट-ऑफवर, म्हणजे निकालाच्या सीमारेषेवर, नमुना पॉझिटिव्ह आला. पुष्टीसाठी तो दहापट पातळ करून, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घालायचे द्रव्य) म्हणून ड्यूटेरियमयुक्त, म्हणजे जड हायड्रोजनचे, मेथॅम्फेटामिन घालून, सी-१८ कॉलमवर (द्रव्ये वेगळी करणाऱ्या नळीवर) थेट इंजेक्ट केला. मेथॅम्फेटामिनसाठी आम्ही १५०→९१ हे संक्रमण (१५० वस्तुमानाचा आयन फुटून ९१चा तुकडा) मोजणीला आणि १५०→११९ हे ओळख पटवायला वापरतो. १५०→९१ मध्ये सुरेख, सममित शिखर आले आणि सॉफ्टवेअरने १८४० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असा आकडा दिला. मात्र ११९ आणि ९१ यांचे गुणोत्तर कॅलिब्रेटरांमध्ये (ज्ञात तीव्रतेच्या द्रावणांमध्ये) ०.४२ ते ०.४७ असताना नमुन्यात ते जेमतेम ०.०५ आहे. कॅलिब्रेटरांतील मेथॅम्फेटामिन २.४१ मिनिटांना येते, नमुन्यातील शिखर २.५३ मिनिटांना आले आहे, पण पद्धतीतील रिटेन्शन टाइमची (कॉलममधून बाहेर येण्याच्या वेळेची) मुभा अधिक-उणे ०.१५ मिनिट असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्यापुढे हिरवी खूण केली. अ‍ॅम्फेटामिन तर आमच्या २५ नॅनोग्रॅमच्या किमान मर्यादेवरही दिसत नाही, आणि मेथॅम्फेटामिन शरीरातून गेले असेल तर ते सोबत दिसायला हवे.

माझ्या वरिष्ठांचे मत असे पडले की हा लघवीतील क्षारांमुळे होणाऱ्या आयन सप्रेशनचा (आयन बनणे दबण्याचा) परिणाम असावा, म्हणून मी नमुना वीसपट पातळ करून पुन्हा चालवला. सगळे जसेच्या तसे आले. ९१चा संकेत इतका जोरदार असताना केवळ गुणोत्तर बसत नाही म्हणून निकाल नाकारणे योग्य आहे का? अ‍ॅम्फेटामिन नसण्याला किती महत्त्व द्यावे? आणि उच्च विभेदनक्षमतेच्या, म्हणजे वस्तुमान अगदी अचूक मोजणाऱ्या, उपकरणावर नमुना पाठवला तर वाद मिटेल का?

त्रिज्या

हा नमुना मेथॅम्फेटामिन पॉझिटिव्ह म्हणून कृपया पाठवू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांमध्येच उत्तर बरेचसे आहे.

आधी ९१कडे पाहू. हा तुकडा म्हणजे बेंझिल गटापासून तयार होणारा सात कार्बनांचा आयन. अ‍ॅम्फेटामिन, मेथॅम्फेटामिन, फेंटरमिन आणि त्यांची आणखी कितीतरी भावंडे फुटली की शेवटी इथेच येऊन थांबतात. त्यामुळे १५०→९१ हे संक्रमण फक्त एवढेच सांगते की १५० वस्तुमानाच्या एका आयनात बेंझिलचा सांगाडा आहे. ते आडनाव आहे, नाव नव्हे. नाव कळते ते मधल्या पायरीवरून. मेथॅम्फेटामिनमधून मेथिलअमाइन, म्हणजे ३१ एकक, निघून जाते आणि ११९ उरतो. फेंटरमिनचे रेणुसूत्र तेच आहे, पण त्याच्या नायट्रोजनवर मेथिल गट नसतो, तो शेजारच्या कार्बनवर बसलेला असतो. म्हणून त्यातून साधा अमोनिया, १७ एकक, निघतो आणि १३३ उरतो. तुमच्या नमुन्यात ९१ भरपूर आणि ११९ जवळजवळ नाही, याचा अर्थ हा रेणू मेथिलअमाइन सोडतच नाही. भूक मंदावण्यासाठी दिले जाणारे फेंटरमिन हा माझा पहिला संशयित आहे. ते अनेक इम्युनोअ‍ॅसेमध्ये अ‍ॅम्फेटामिन म्हणून लागते, त्याचा मोठा भाग न बदलता लघवीतून बाहेर पडतो आणि त्यापासून शरीरात अ‍ॅम्फेटामिन तयार होत नाही. तुमच्या तिन्ही निरीक्षणांचा मेळ एकदम बसतो. दुसरा संशयित एन-आयसोप्रोपिलबेंझिलअमाइन. बेकायदा बाजारात ते मेथॅम्फेटामिनच्या नावाखाली विकले गेल्याची उदाहरणे आहेत, त्याचेही वस्तुमान तेच आणि त्याचाही ९१ जोरकस येतो.

आयन सप्रेशनबद्दल तुमच्या वरिष्ठांशी मी आदरपूर्वक असहमत आहे. सप्रेशन घडते ते आयन तयार होताना, म्हणजे द्रावणाचा भारित फवारा करणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रेच्या तोंडाशी, जिथे लघवीतील क्षार आणि इतर द्रव्ये थेंबांच्या पृष्ठभागावरील जागा आणि भार बळकावतात. तिथे १५०चे आयनच कमी बनतात. पुढे आयन फोडणाऱ्या टक्करकक्षात जितके पोहोचतील ते आपल्या ठरलेल्या प्रमाणातच फुटतात, त्यामुळे ९१ आणि ११९ दोन्ही सारखेच घटतात आणि गुणोत्तर जागेवर राहते. गुणोत्तर बिघडले असेल तर दुसरे काहीतरी त्या शिखरात मिसळले आहे किंवा ते शिखरच दुसऱ्याचे आहे. शिवाय सप्रेशनचा दोष असता तर वीसपट पातळ केल्यावर चित्र थोडे तरी हलले असते.

एक आकडा तुम्ही दिलेला नाही: त्याच इंजेक्शनमध्ये इंटर्नल स्टँडर्ड किती मिनिटांना आले? ते २.४०च्या आसपास असेल, तर कॉलम सरकल्याची शंकाच उरत नाही. ड्यूटेरियमयुक्त रेणू साध्या रेणूपेक्षा किंचित आधी बाहेर येतो हे खरे, पण तो फरक शंभराव्या हिश्शातला असतो, ०.१२ मिनिटांचा नव्हे.

उच्च विभेदनक्षमतेच्या उपकरणाने हा वाद मिटणार नाही, निदान नुसत्या अचूक वस्तुमानाने तर नाहीच. मेथॅम्फेटामिन, फेंटरमिन आणि तो आयसोप्रोपिलवाला, तिघांचेही प्रोटॉनयुक्त वस्तुमान १५०.१२७७ आहे. रेणुसूत्र सारखे असेल तर दशांशानंतर कितीही घरे मोजली तरी फरक पडत नाही. ३-मेथिलमेथकॅथिनोन आणि ४-मेथिलमेथकॅथिनोन या उत्तेजकांच्या बाबतीतही हीच अडचण येते, आणि तिथे तर तुकडेही जवळपास सारखेच पडत असल्याने सगळा भार कॉलमवर येतो.

करायचे काम सोपे आहे. पद्धतीत १५०→१३३ हे संक्रमण घाला, फेंटरमिनचे प्रमाणित द्रावण स्वतंत्र चालवा, आणि मग मूळ नमुन्याच्या एका भागात थोडे मेथॅम्फेटामिन घालून इंजेक्ट करा. दोन शिखरे वेगळी दिसली तर प्रश्न संपला.

जुनी भट्टी

त्रिज्या यांचे उत्तर नेमके आहे. दोन गोष्टींत भर घालतो आणि एका ठिकाणी थोडी दुरुस्ती सुचवतो.

दुरुस्ती अशी की गुणोत्तर आणखी एका कारणाने बिघडू शकते. नमुन्यात द्रव्य अतिशय जास्त असेल तर जोरदार संक्रमणाचा डिटेक्टर तुंबतो आणि दुबळे संक्रमण मात्र वाढतच राहते. पण त्या वेळी ११९ आणि ९१ यांचे गुणोत्तर वर जाते, खाली येत नाही. धागाकर्त्यांच्या नमुन्यात ते खाली आले आहे, म्हणून हे कारण इथे लागू नाही. मात्र गुणोत्तरापुढे सॉफ्टवेअरची लाल खूण दिसली की गुणोत्तर कोणत्या दिशेला गेले आहे ते आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता अ‍ॅम्फेटामिन नसण्याबद्दल. हा नियम कुठून आला ते सांगितले तर त्याचे वजन कळेल. माझी उमेदीची वर्षे जीसी-एमएसवर (द्रव्ये वायुरूपात वेगळी करून वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) गेली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने फोडलेल्या अ‍ॅम्फेटामिनचा मुख्य तुकडा ४४ आणि मेथॅम्फेटामिनचा ५८. इतक्या हलक्या तुकड्यांवर कोणाची ओळख पटवणार? असंख्य अमाइने तिथे येऊन बसतात. म्हणून आम्ही हेप्टाफ्लुरोब्युटिरिक अनहायड्राइडसारख्या द्रव्याने साधित (रासायनिक क्रियेने जड केलेले रूप) बनवत असू, म्हणजे मेथॅम्फेटामिनचे तुकडे २५४, २१० आणि ११८ अशा मोकळ्या जागी जात. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आले की सर्दीच्या औषधातील इफेड्रिन किंवा स्यूडोइफेड्रिन लघवीत फार मोठ्या प्रमाणात असेल, तर काही साधितांच्या बाबतीत तापलेल्या इंजेक्शन पोर्टमध्येच (नमुना यंत्रात सोडायच्या तोंडाशीच) त्याचा हायड्रॉक्सिल गट गळून थोडे मेथॅम्फेटामिन तयार होते. हे कृत्रिम नव्हे, खरेखुरे मेथॅम्फेटामिन. त्याचा वर्णपट बिनचूक, रिटेन्शन टाइम बिनचूक, गुणोत्तर बिनचूक. फक्त ते माणसाच्या शरीरात कधी नव्हतेच. आम्ही इंजेक्शन पोर्टला गमतीने भट्टी म्हणायचो, माझे इथले नाव तिथूनच आले आहे.

त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे निष्कर्षणाआधी सोडियम पेरआयोडेटने इफेड्रिन वर्गातील द्रव्ये फोडून टाकणे, मेथॅम्फेटामिनला त्याने धक्का लागत नाही. दुसरा म्हणजे नियमाचा: मेथॅम्फेटामिन शरीरातून गेले असेल तर यकृतात त्याचा काही हिस्सा अ‍ॅम्फेटामिन झालाच पाहिजे, म्हणून ते सोबत दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणायचे नाही. अमेरिकेच्या संघराज्य कर्मचारी चाचण्यांच्या नियमांत आज मेथॅम्फेटामिन २५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि सोबत अ‍ॅम्फेटामिन किमान १०० अशी अट आहे. एलसी-एमएस/एमएसमध्ये तापलेले पोर्ट नाही, त्यामुळे ती विशिष्ट चूक आता होत नाही, पण नियमाचा उपयोग संपलेला नाही, हे तुमच्याच नमुन्याने दाखवले आहे. उलट बाजूही लक्षात असू द्या. सेवनानंतर पहिल्या काही तासांतल्या लघवीत मूळ द्रव्य भरपूर आणि चयापचयाचे द्रव्य नाममात्र असू शकते. म्हणून १८४० असताना अ‍ॅम्फेटामिन २५च्याही खाली हे संशयास्पद नक्की आहे, पण तेवढ्यावरून मेथॅम्फेटामिन नाहीच असे मी म्हटले नसते. इथे निर्णय गुणोत्तर आणि रिटेन्शन टाइम यांनी दिला आहे, अ‍ॅम्फेटामिनच्या अभावाने फक्त दुजोरा दिला.

एक गोष्ट या नमुन्याला लागू नाही, पण पुढे कधीतरी समोर येणारच. मेथॅम्फेटामिनचे डावे आणि उजवे अशी दोन आरसा-रूपे असतात. नशेसाठी वापरले जाते ते मुख्यतः उजवे. डावे रूप अमेरिकेत नाक मोकळे करण्याच्या इनहेलरमध्ये विनाचिठ्ठी मिळते, आणि पार्किन्सनच्या आजारात दिले जाणारे सेलेजिलिन शरीरात डाव्या मेथॅम्फेटामिनमध्ये आणि डाव्या अ‍ॅम्फेटामिनमध्ये बदलते. साध्या सी-१८ कॉलमवर ही दोन रूपे एकाच शिखरात येतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरला त्यांच्यात काहीही फरक दिसत नाही. २००२च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा स्कीपटू अ‍ॅलन बॅक्स्टर याने स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवले आणि अशाच इनहेलरमुळे ते गमावले. त्याचा हेतू वाईट नव्हता हे क्रीडा लवादानेही मान्य केले, पण नियमात दोन रूपांचा भेद नसल्याने पदक परत मिळाले नाही. तुमच्याकडे सेलेजिलिन घेणाऱ्यांचे नमुने येत असतील तर कायरल (आरसा-रूपे वेगळी करणारा) कॉलम किंवा कायरल साधित यांची व्यवस्था हवीच. तिथे नेहमीची पद्धत निर्दोष चालते आणि तरीही उत्तर अर्धवट असते.

शिंपला

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत. अ‍ॅम्फेटामिन 'नाही' असे लिहिण्याआधी ते आपणच उडवून तर लावले नाही ना, हेही पाहावे लागते, म्हणून एक अनुभव सांगते.

धागाकर्ते नमुना थेट पातळ करून चालवतात, त्यामुळे आज त्यांना हे लागू नाही, पण कमी मर्यादा गाठायची वेळ आली की ते घनावस्था निष्कर्षणाकडे (द्रव्य घन भरावावर अडकवून वेगळे काढण्याकडे) वळतीलच. आम्ही मिश्र प्रकारचा धनायन-विनिमय काट्रिज (धनभारित रेणू धरून ठेवणारी भरावाची नळी) वापरतो. नमुना आम्ल करून चढवायचा, आम्लाने आणि मग मेथॅनॉलने धुवायचा, आणि शेवटी अमोनियायुक्त सेंद्रिय द्रावकाने उत्तेजके खाली उतरवायची. त्या शेवटच्या द्रावणात अ‍ॅम्फेटामिन मुक्त अल्काच्या रूपात असते, आणि मुक्त अल्क बाष्पशील असते. नायट्रोजनच्या झोताखाली नळ्या सुकवताना मी एकदा दहा मिनिटे फोनवर बोलत राहिले. नळ्या खडखडीत कोरड्या झाल्या होत्या आणि अ‍ॅम्फेटामिनचे शिखर नेहमीच्या तिसऱ्या हिश्शावर आले. तेव्हापासून सुकवण्याआधी प्रत्येक नळीत मेथॅनॉलमधील हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पडतो, म्हणजे क्षार बनून ते नळीतच राहते, आणि झोत चालू असताना मी जागा सोडत नाही.

यात फसवणूक कुठे होते ते पाहा. इंटर्नल स्टँडर्डही त्याच प्रमाणात उडून जाते, त्यामुळे मोठ्या तीव्रतेचे नमुने बरोबरच वाचतात आणि दिवसभर कोणाला काही कळत नाही. मार बसतो तो मर्यादेजवळच्या नमुन्यांना, तिथे संकेत गोंगाटात बुडतो आणि आपण 'आढळले नाही' लिहून मोकळे होतो. म्हणून इंटर्नल स्टँडर्डचे गुणोत्तरच नव्हे तर त्याचे निव्वळ क्षेत्रफळही प्रत्येक नळीसाठी पाहावे.

लघवीची आम्लता आणि क्रिएटिनिनही पाहायला हवे. अ‍ॅम्फेटामिन हे अल्कधर्मी द्रव्य असल्याने आम्लधर्मी लघवीतून ते भराभर बाहेर पडते, लघवी अल्कधर्मी असेल तर मूत्रपिंडातून पुन्हा रक्तात शोषले जाते. क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पाण्याने पातळ झाला असण्याची शंका घ्यावी. कट-ऑफच्या आसपासचे आकडे या दोन गोष्टींशिवाय वाचूच नयेत.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. आज प्रयोग केले.

त्रिज्या, आपला अंदाज बरोबर होता. त्या इंजेक्शनमध्ये इंटर्नल स्टँडर्ड २.४० मिनिटांनाच होते, मी ते पाहिलेच नव्हते, कारण सॉफ्टवेअर त्याची खिडकी मिटलेली ठेवते. १५०→१३३ घातल्यावर नमुन्यात २.५३ला ठळक शिखर आले. फेंटरमिनचे प्रमाणित द्रावण २.५३ला आले आणि १३३ व ९१ यांचे गुणोत्तर नमुन्याशी जुळले. नमुन्यात मेथॅम्फेटामिन घालून चालवले तेव्हा २.४१ आणि २.५३ अशी दोन शिखरे दिसली, मधली दरी अगदी तळापर्यंत जात नाही, पण स्पष्ट आहे. ११९च्या खिडकीत फक्त २.४१चे शिखर होते. ते पाहिल्यावर मात्र वरिष्ठ हसले आणि म्हणाले की आधी मुभा कमी करा.

आता प्रश्न अहवालाचा आहे. पाठवणाऱ्या डॉक्टरांना इम्युनोअ‍ॅसे पॉझिटिव्ह असल्याचे आधीच कळवले गेले आहे. मी 'फेंटरमिन आढळले' असे लिहू शकतो का? आणि तो १८४०चा आकडा?

त्रिज्या

तो आकडा विसरून जा. फेंटरमिनचे शिखर मेथॅम्फेटामिनच्या कॅलिब्रेशन रेषेवर वाचून आलेली ती संख्या आहे, ती दोन्हींपैकी कशाचीच तीव्रता नाही. फेंटरमिन आयनित होण्याची आणि फुटण्याची कार्यक्षमता वेगळी आहे.

मी असे लिहीन: 'प्राथमिक चाचणी अ‍ॅम्फेटामिन गटासाठी पॉझिटिव्ह. पुष्टिचाचणीत अ‍ॅम्फेटामिन व मेथॅम्फेटामिन निर्धारित मर्यादेवर आढळले नाही.' त्यापुढे फेंटरमिनचे नाव लिहिण्याचा मोह टाळावा, कारण त्या द्रव्यासाठी तुमची पद्धत प्रमाणित केलेली नाही. एक द्रावण एकदा जुळले म्हणजे पद्धत झाली असे नव्हे. पाठवणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून रुग्ण कोणती औषधे घेतो ते विचारा.

जुनी भट्टी

इथे मी त्रिज्या यांच्यापेक्षा थोडे पुढे जाईन. नुसते 'आढळले नाही' वाचून डॉक्टरांना वाटते की पहिली चाचणी चुकली, आणि कोणी घाईने वाचणारा असेल तर त्याला वाटते की दुसरी चुकली. दोन्हीही चुकलेल्या नाहीत. म्हणून एक वाक्य वाढवावे: 'प्राथमिक चाचणीचा प्रतिसाद रचनेने सदृश अशा अन्य अमाइनमुळे असू शकतो.' हे विधान तुमच्या पुराव्याच्या आत बसते आणि कोणाचे नावही घेत नाही. फेंटरमिनचे नाव हवेच असेल तर त्यासाठी प्रमाणित पद्धत असलेल्या प्रयोगशाळेकडे उरलेला नमुना पाठवावा.

पद्धतीतली मुभा अधिक-उणे २ टक्क्यांवर आणा. म्हणजे २.४१साठी साधारण २.३६ ते २.४६ एवढीच खिडकी राहते आणि २.५३ आपोआप बाहेर पडते. त्याहून चांगले म्हणजे इंटर्नल स्टँडर्डच्या तुलनेतला सापेक्ष रिटेन्शन टाइम वापरा. मेथॅम्फेटामिनचा तो १.००४ येतो आणि या शिखराचा १.०५४, आणि कॉलम जुना झाला तरी दोन्ही सहसा सोबतच सरकतात. रोज सकाळी पहिल्या इंजेक्शनमध्ये मेथॅम्फेटामिन आणि फेंटरमिन एकत्र चालवा. ज्या दिवशी ती दरी बुजेल त्या दिवशी कॉलम बदला, नमुने चालवू नका.

आणि एक काम टाळू नका, जरी ते कोणाला आवडणार नसले. ही पद्धत ०.१५ मिनिटांच्या मुभेने किती दिवस चालू आहे? त्या काळातले १५०→९१ मधील २.४८ ते २.५८ दरम्यानचे प्रत्येक शिखर साठवलेल्या फाइलींतून काढून त्याचे गुणोत्तर पुन्हा वाचा.

उंबरठा

पद्धत अकरा महिने चालू आहे. काल रात्रीपर्यंत सात महिन्यांच्या फाइली पाहून झाल्या. २.५०च्या पलीकडे दोन शिखरे सापडली. दोन्हींच्या गुणोत्तरापुढे लाल खूण होती आणि दोन्ही वेळा त्या दिवशी बसलेल्या विश्लेषकाने निकाल थांबवून 'आढळले नाही' असेच लिहिले होते. उरलेले चार महिने वरिष्ठ आणि मी मिळून पाहतो आहोत.